चेंडूच्या पलीकडं

आमच्या मंगळवार पेठेत चेंडू म्हटला की तो पायानं मारायचा. त्यामुळं ह्यांनी साठीला टेकताना गोल्फ सुरू केला तेव्हा गल्लीत बरीच करमणूक झाली. "काठीनं चेंडू ढकलायला एवढ्या लांब जायाचं व्हय?" असं शेजारचे काका रोज विचारायचे आणि हे रोज नुसते हसायचे.

ह्यांचं लेथचं वर्कशॉप. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं हा नाद लावला. गावाबाहेर पन्हाळ्याच्या बाजूला माळावर एक लहानसं मैदान आहे, तिथं आठवड्यातून दोनदा सकाळी जायचं. मीही जायची. कॉलेजातली नोकरी संपली होती, चालणं व्हायचं. चालून झालं की सरावाच्या जागेशेजारी करंजाच्या झाडाखाली एक बाक आहे, त्यावर पुस्तक घेऊन बसायचं. त्या बाकावरून खेळणाऱ्यांच्या पाठी दिसतात. चेंडू मारताना ह्यांचा चेहरा कसा होतो ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं वाटलंही नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी चहाचा कप ह्यांच्या हातातून निसटला. खाली पडलेल्या कपाकडं हे असे बघत राहिले की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलाय. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सौम्य झटका येऊन गेला. उजवा हात आणि जीभ काही आठवडे जड राहिली. मग व्यायाम, मालिश, गोळ्या. माघ संपता संपता हात पहिल्यासारखा झाला. उजव्या हातानं जेवायला लागले, सही जमायला लागली, वर्कशॉपमध्ये जाऊन कामगारांवर ओरडायलाही लागले. डॉक्टरांनी मैदानावर जायची परवानगी दिली तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्या पहिल्या सकाळी मी नेहमीच्या बाकावर बसले. हे स्टिक घेऊन चेंडूपाशी गेले, थबकले, चेंडूला वळसा घालून पलीकडं गेले आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

मला वाटलं काहीतरी बोलायचंय. मी पुस्तक मिटलं. पण ह्यांचं लक्ष चेंडूवर होतं. हात उलटे धरलेले, डावा खाली, उजवा वर. उजव्या हाताची स्टिक डाव्या बाजूनं मारली तर तिची पाठ चेंडूला लागते. तसंच झालं. चेंडू खरडत दोन हातांवर जाऊन थांबला.

तिथले कोच चाळिशीचे, फौजेत राहून आलेले. ते धावत आले. "साहेब, उलटं उभं राहिलासा की."

"उलटं कुठं? मी असाच खेळतो," हे म्हणाले.

"न्हाई ओ साहेब, उजव्या हातानं खेळत हुता तुम्ही."

"असाच खेळतो," हे पुन्हा म्हणाले. आवाजात राग नव्हता, चेष्टा नव्हती. आपलं नाव सांगावं तसे म्हणाले.

घरी आल्यावर मी मोबाईलमधला जुना फोटो काढून ह्यांच्या पुढ्यात धरला. मागच्या वर्षीचा, मैदानावरच्या छोट्या स्पर्धेतला. स्टिक खांद्यावर गेलेली, हे सरळसरळ उजव्या बाजूनं खेळतायत.

हे बराच वेळ बघत राहिले. "फोटो उलटा आलाय," म्हणाले.

"टोपीवरची अक्षरं बघा."

अक्षरं सुलटी होती. हे ती ओठातल्या ओठात वाचत राहिले. मग मोबाईल हलकेच टेबलावर पालथा ठेवला. "असंल," एवढंच म्हणाले आणि उठून आंघोळीला गेले.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मेंदू कधीकधी जुनी वाट सोडून नवी धरतो, काळजी करू नका, दोन्ही बाजूंनी काही धोका नाही, ज्यात त्यांना आनंद वाटेल ते करू द्या. मलाही ते पटलं. एवढं मोठं संकट येऊन गेलं, त्यात डावं काय आणि उजवं काय.

पुढच्या खेपेला कोचनी स्टोअरमधून डाव्या हाताची एक जुनी स्टिक शोधून आणली, कुणीतरी कधीकाळी ठेवून गेलेली. हे चेंडूच्या पलीकडं उभे राहिले आणि मारला. चेंडू निघाला तो कुंपणाजवळच्या खांबापर्यंत, सरळ. दुसराही तसाच. तिसराही. वर्ष-दोन वर्षं शिकून ह्यांचा चेंडू कधी सरळ गेला नव्हता.

कोच माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"म्याडम, एक सांगू का? ही स्विंग मी शिकवलेली न्हाई."

"मग?"

"ते मला काय ठावं? पण एका दिवसात असं अंग वळत न्हाई माणसाचं. कुणाचंतरी बघून बघून येतंय हे."

आता मला ह्यांचा चेहरा दिसत होता. छत्तीस-सदतीस वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता असा. नेहमीच्या कपाळावरच्या आठ्या पुसलेल्या, ओठ किंचित हसरे, आणि नजर चेंडूवरून उठून थेट माझ्याकडं. तिच्यात खोडकरपणा होता. ह्यांच्यात तो कधीच नव्हता. लग्नात हार घालतानाही हे हसले नव्हते.

प्रत्येक फटक्याआधी हे एक गोष्ट करायचे. एक हात खांद्यापाशी न्यायचे, तिथून काहीतरी खाली ओढल्यासारखं करायचे, हात पोटावरून आडवा फिरवायचे आणि कमरेपाशी बोटं आत सारायचे. मला वाटलं, शर्ट खोचतायत. पण शर्ट खोचलेला नसायचा, आणि नंतरही तो बाहेरच असायचा. कोच म्हणाले, असते एकेकाची सवय, मारण्याआधी अंग सैल करायची. पण ह्यांची ही सवय आधी नव्हती.

आणि ओठ हलायचे. दोन शब्द. फटका मारायच्या आधी, माझ्याकडं बघून.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी बाक सोडून जवळ जाऊन उभी राहिले. वारा पडलेला होता. शेजारच्या गुऱ्हाळाचा धूर माळावर बसला होता, मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. ह्यांनी खांद्यावरचं ते नसलेलं काहीतरी ओढलं, कमरेपाशी सारलं, मान वर केली आणि हळू आवाजात म्हणाले, "नोड, मगा."

चेंडू धुरात गेला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी? काही नाही."

"मगा म्हणालात. मगा काय झालं?"

हे माझ्याकडं खरोखरच्या आश्चर्यानं बघत राहिले. पुढच्या फटक्याला पुन्हा तेच. "नोड, मगा." मला त्यातला एकच शब्द मराठी वाटत होता. मगा, मगाशी. 'मगाशी काहीतरी झालं' असं वाक्य अर्धंच बाहेर पडतंय, असं मी समजत होते. जीभ जड झाली होती, त्याचं काही राहिलं असेल. पण एरवी ह्यांचं बोलणं अगदी स्वच्छ होतं.

एके दिवशी कोचनी गाठलं. "म्याडम, आता कायतरी एक ठरवाय लागंल. डावं खेळायचं असंल तर साहेबांस्नी डाव्या हाताचा सेट मागवू. उजवं खेळायचं असंल तर हितंच थांबवू, न्हाईतर अंगाला डाव्याची सवय बसंल. साहेबांस्नी विचारलं तर ते म्हणत्यात, घरात विचारा."

मी ह्यांना विचारलं. "तू म्हणशील तसं," हे म्हणाले. आयुष्यात वर्कशॉपच्या रंगापासून मुलीच्या स्थळापर्यंत एकदाही न उच्चारलेलं वाक्य.

मी ठरवलं नाही. मोबाईलवर ह्यांच्या खेळाचा एक व्हिडिओ काढला. फिजिओथेरपिस्टला दाखवीन, मग बघू, असा विचार. पण त्याआधी गारगोटीला जायचं होतं. ह्यांची थोरली बहीण तिथं असते. गुडघ्यांमुळं तिला आजारपणात येता आलं नव्हतं आणि फोनवर सारखी म्हणत होती, त्याला बघायचंय. ह्यांना वर्कशॉपमधून सवड नव्हती, म्हणून मी एकटीच गेले.

वन्सं सत्तरी ओलांडलेल्या. ह्यांची आई गेली तेव्हा हे अंगावर पिणारे होते आणि वन्सं दहा-अकरा वर्षांच्या. धाकट्या भावाला त्यांनीच काखेत वागवून मोठं केलं. ह्यांच्या आईबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणात गेली, एवढंच. घरात तिचा फोटो नव्हता. सावत्र सासूबाई प्रेमळ होत्या, त्यांच्यापुढं तो विषय कुणी काढत नसे.

जेवण झाल्यावर आम्ही सोप्यात बसलो. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या भावाला बघायचंय ना? हे बघा, कसे ठणठणीत आहेत." आणि व्हिडिओ लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा सारखा केला. सुरुवातीला हसल्या. "वाळलाय की गं." मग हसू थांबलं. पडद्यावर ह्यांचा हात खांद्याकडं गेला, पोटावरून फिरला, कमरेपाशी बोटं आत गेली. वन्संनी मोबाईल मांडीवर ठेवला, मागं हात नेऊन पदर घेतला आणि डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. थोरलं माणूस दारातून आत आल्यावर बायका घेतात तसा. सोप्यात आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मोबाईलमधून ह्यांचा आवाज आला. "नोड, मगा."

"बंद कर," वन्सं म्हणाल्या.

मी बंद केला. त्यांना पाणी आणून दिलं. भांडं त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"कुणी शिकवलं त्याला हे?"

"कुणी नाही. आजारातून उठल्यापासून असं चाललंय. ते काय बोलतात तेही कळत नाही."

"कानडी हाय ते," वन्सं म्हणाल्या. "'बघ, बाळा' म्हणतोय त्यो. आमची आई, अव्वा म्हणायचो तिला, चिकोडीकडची. तिला मराठी धड येत नव्हतं. ती गेल्यावर घरात कानडी कोण बोलणार? मीच इसरलो. त्याला तर बोलायलाबी येत नव्हतं तवा."

"मग हे..."

"अव्वा डावरी हुती. भाकरी डाव्या हातानं थापायची, इळा डाव्या हातात. त्यावरनं आज्जीची लई बोलणी खायची. त्यो डावरा नव्हता. त्यो उजवाच." त्या थांबल्या. "दुपारी बापय माणसं रानात गेली की ती परड्यात आमच्याबरोबर विटी-दांडू खेळायची. ह्याला भिंतीच्या सावलीला टेकून बसवायची. पदर असा ओढायचा, असा कमरंला खोचायचा, आन दांडू उचलला की म्हणायची, 'नोड, मगा.' आन विटी अशी जायाची की आम्हाला घावायची न्हाई."

त्यांनी दाखवलं. हात खांद्याकडून पोटावर, पोटावरून कमरेला. त्यांच्या अंगावर खरा पदर होता, म्हणून ती खूण काय होती ते मला पहिल्यांदा दिसलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, मेंदूत फार जुन्या गोष्टी राहतात."

"ऱ्हात असतील," वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला. "परत लाव."

मी लावला. त्यांनी तो पाहिला. मग पुन्हा लावायला सांगितला. माझी परतीची वेळ टळून गेली तरी त्या बघत होत्या, डोक्यावरचा पदर तसाच.

निघताना मला म्हणाल्या, "त्याला सांगू नगो."

मी सांगितलं नाही. पण गाडीत बसल्यापासून मला भीती वाटायला लागली होती. आतापर्यंत त्या बाकावर बसून मी नवऱ्याचा नवा चेहरा कौतुकानं बघत होते. तो चेहरा कुणाचा होता? ती नजर माझ्यावर यायची तेव्हा तिला समोर कोण दिसत होतं? मी शिकलेली बाई, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला. तरी पुढच्या खेपेला मी कोचना आधीच गाठून सांगितलं, "उजव्या हातानंच खेळू दे. सेट मागवू नका."

ह्यांनी काही कुरकुर केली नाही. स्वतःची जुनी स्टिक घेतली, कोचनी उभं केलं तिथं उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून. कोचनी हात बसवून दिले. मग काहीच होईना. हे नुसते उभे. पाठीवर शर्ट घामानं चिकटला, हवा गार असून. मध्येच मान वळवून मागं, करंजाच्या झाडाकडं बघायचे, कुणाचीतरी वाट बघितल्यासारखे. मला बघून नाही. माझ्या शेजारी बाकावर जी मोकळी जागा होती तिकडं.

"साहेब, मारा की," कोच म्हणाले.

ह्यांनी स्टिक खाली ठेवली आणि चेंडूला वळसा घालून पलीकडं गेले. रिकामा हात खांद्याकडं गेला. मी तिथून उठले आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दुपारी मी वन्संना फोन करून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी येतो तिकडं."

"गुडघे..."

"गाडी पाठव."

रविवारी आम्ही तिघं मैदानावर गेलो. ह्यांना वाटलं, आक्का खेळ बघायला आलीये, त्यांनी स्वतः हाताला धरून तिला बाकापर्यंत नेलं. वन्सं बसल्या. मी शेजारी बसले. उन्हं अजून कोवळी होती. कोचनी काही न विचारता डाव्या हाताची ती जुनी स्टिक ह्यांच्या हातात दिली.

हे पलीकडं जाऊन उभे राहिले. खांदा, पोट, कंबर. नजर वर आली आणि वन्संवर थांबली.

"नोड, मगा."

स्टिक मागं गेली, फिरली, चेंडू उडाला. कुठं गेला ते मी पाहिलं नाही. मी वन्संकडं बघत होते. त्यांनी पदर नीट केला आणि लहान मुलीच्या स्वरात, पण मोठ्यानं म्हणाल्या, "नोडिदे, अव्वा."

मी न विचारताच त्याचा अर्थ मला कळला होता. बघितलं, आई. आमच्याकडं लहानपणी बजावून सांगत, दिसत नाही त्यानं हाक मारली तर ओ देऊ नये. वन्संनी ओ दिली होती.

हे तसेच उभे होते, स्टिक खांद्यावर गेलेली. मग ती हळूहळू खाली आली. चेहऱ्यावरचं ते हसू गेलं. एकदम गेलं नाही. मावळतीला भिंतीवरचं ऊन सरकतं तसं खालून वर सरकत गेलं, आणि मागं माझा नवरा उरला, कपाळावर आठ्या घालून.

"काय म्हणालीस आक्का?"

"काय न्हाई. खेळ तू."

हे हातातल्या स्टिककडं बघत राहिले. उलटसुलट करून बघितली. "ही डाव्या हाताची कुणी दिली मला?" असं कोचना जरा चढ्या आवाजातच विचारलं. आपली स्टिक मागून घेतली, चेंडूच्या अलीकडं आले, आमच्याकडं पाठ केली आणि मारला. चेंडू नेहमीसारखा उजवीकडं भरकटला.

"हे बघा, आता बसतोय हात," हे म्हणाले.

कोच माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. त्यांनी ती जुनी स्टिक उचलली आणि अंगापासून लांब, दोन बोटांत धरून स्टोअरकडं नेली.

वन्संना सोडायला मीच गेले. गाव मागं पडलं. मग मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कशाची? हाक मारत हुती. वो द्यायला नगो?"

"पण मग ती गेली."

"जायालाच पायजे की." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ऊसतोड संपलेली रानं मोकळी पडली होती. "मला वाटलं हुतं आवाज तरी तिचा ऐकू येईल. पण आवाज ह्याचाच. शबुद तेवढं तिचं. कसा हुता तिचा आवाज ते मला आठवतच न्हाई बघ."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो घरापर्यंत काढून घेतला नाही.

वन्सं गारगोटीत ठणठणीत आहेत. तो व्हिडिओ मी त्यांच्या नातसुनेच्या फोनवर पाठवला, कधीतरी त्या लावायला सांगतात म्हणे. हे आठवड्यातून दोनदा उजव्या हातानं वाईट खेळतात. डावं उजवं असं कधी काही झालं होतं, हे त्यांच्या लक्षातही नाही, आणि मी ते काढत नाही.

एकदाच, जेवताना, ह्यांनी विचारलं होतं, "आक्का त्या दिवशी काय म्हणाली गं मैदानावर?"

"बघितलं म्हणाल्या. छान मारलास म्हणाल्या."

"तिला काय कळतंय गोल्फमधलं," हे म्हणाले आणि आमटी वाढायला सांगितली.